दुसरी पाठवणी

नगर जिल्ह्यातील ज्या मिशन कंपाउंडात माझे बालपण गेले, तेथे पाळकसाहेबांच्या घराला मागील अंगाने एक ओसरी होती. आणि त्या ओसरीवर वर्षातून चार-सहा वेळा, बहुधा बाजाराच्या किंवा पगाराच्या दिवशी रात्री, कोणीतरी स्त्री पदराखाली मूल घेऊन येऊन बसलेली असे. पाळकीणबाई कंदिलाची वात मोठी करीत, हळद गरम करीत, चहा टाकीत. पाळकसाहेब चश्मा लावून शास्त्र उघडीत, एखादे स्तोत्र वाचीत, प्रार्थना करीत. आणि फटफटले म्हणजे तिच्या दिराला किंवा मंडळीच्या एखाद्या पंचाला बोलावून तिला त्याच्याबरोबर घरी पोहोचती करीत. ‘सहन कर, बाई, प्रभू सगळे पाहतो आहे,’ हे त्यांचे वाक्य आम्हां मुलांना पाठ झाले होते. लग्नातल्या पाठवणीला निदान वाजंत्री असते आणि आई डोळे पुसते. या दुसऱ्या पाठवणीला कोणी रडत नसे, कारण ती करणारा मनुष्य सज्जन होता, करविणारी रीत धर्माची समजली जाई, आणि जिची ती होत असे तिने तोंडातून ब्र काढण्याची वहिवाट नव्हती.

स्त्रियांवरील घरगुती अत्याचारांना आळा घालण्यासाठी ख्रिस्ती चर्चने काय करावे, हा विषय अलीकडे धर्मपरिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेवर येऊ लागला आहे, आणि त्याच्या उत्तरादाखल ठराव, सप्ताह, व्याख्याने व नव्या समित्या यांची तजवीजही होऊ लागली आहे. या उद्योगांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या संस्थेच्या ओसरीवरून पिढ्यान्‌पिढ्या स्त्री परत पाठविली गेली, त्या संस्थेने नवे काही आरंभण्यापूर्वी ती जुनी पाठवणी बंद केली पाहिजे, आणि हे काम ठराव संमत करण्याहून पुष्कळच कठीण आहे. कारण ती दुष्टपणाने होत नाही, पुण्यबुद्धीने होते, आणि पुण्यबुद्धीने घडणारी चूक कबूल करणे मनुष्यस्वभावाला फार जड जाते.

मार खाणारी स्त्री सर्व धर्मांत आहे, मग ही चर्चा चर्चपुरती कशासाठी, असे कोणी विचारील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वर्षे वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी शेकडा २९.३ स्त्रियांनी नवऱ्याकडून अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यात कोणत्याही धर्माला अंग झटकून बाजूला उभे राहता येईल असे काही नाही. परंतु त्याच पाहणीतला दुसरा एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाचे ना कोणाचे साहाय्य मागणाऱ्या स्त्रिया शेकडा १४ च आहेत. उरलेल्यांतील बहुतेकींनी ही गोष्ट कोणाच्या कानावरसुद्धा घातलेली नाही. अशा स्थितीत, जेथे जाण्यास स्त्रीला निमित्त शोधावे लागत नाही असे प्रत्येक ठिकाण मोलाचे ठरते. पोलीस ठाण्याची पायरी चढली की गावभर होते. वकिलाकडे जावयाचे तर पदरी पैसा लागतो. माहेरी जावयाचे तर आईच्या चेहऱ्याआधी भावजयीचा चेहरा दिसतो. प्रार्थनामंदिरात मात्र ती दर रविवारी जातच असते, आणि ती तेथे का गेली असे तिला नवराही विचारीत नाही.

शिवाय चर्चच्या हाती जी साधने आहेत ती सरकारच्या कोणत्याही खात्याजवळ नाहीत. लग्नापूर्वी रविवारच्या उपासनेत वधूवरांच्या नावांची पुकार होते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाह लावण्याचा व त्याचे दप्तर ठेवण्याचा अधिकार धर्मगुरूंकडे आहे. मुलाचा बाप्तिस्मा, आजाऱ्याची भेट, मृताचे दफन या सर्व प्रसंगी फादर किंवा पाळक घराच्या आत, थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. वसईच्या वाड्यांतून, मुंबईच्या गावठाणांतून, नगर-जालन्याच्या खेड्यांतून कोणाच्या घरी काय चालले आहे हे धर्मग्रामातील सिस्टरला आणि स्त्रीमंडळाच्या चिटणीसबाईंना ठाऊक नसते असे कोण म्हणेल? ठाऊक असते. ते ठाऊक असून त्याचे पुढे काय करावयाचे याविषयी संस्थेने त्यांना काही सांगितलेले नसते, हीच अडचण आहे.

यात एका अल्पसंख्य समाजाच्या भीतीचाही भाग आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा एकाहूनही कमी. इतक्या लहान समाजात प्रत्येक घर दुसऱ्या घराच्या नात्यातले असते. नवरा फौजदारीत अडकला तर मिशनच्या शाळेतली त्याची नोकरी जाईल, मंडळीचे नाव वर्तमानपत्रात येईल, ‘पाहा, यांच्यातही असेच चालते’ असे शेजारी म्हणतील, या विचाराने चांगली चांगली माणसे गप्प बसतात. समाजाची अब्रू राखण्याची ही सारी जबाबदारी ज्या एका व्यक्तीच्या शिरावर टाकली जाते ती नेमकी मार खाणारी व्यक्ती असते. मारणाऱ्याने समाजाची अब्रू घालविली, असे म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही. जिने तक्रार केली तिने घालविली, हे मात्र पुष्कळदा ऐकले आहे. इतर अल्पसंख्य समाजांतही हेच घडते. त्यामुळे आपला अपराध हलका होत नाही, एवढेच.

आता या परत पाठविण्याच्या रीतीची वंशावळ पाहू. १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी याने आपली पत्नी रखमाबाई हिने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून दावा लावला, ही हकीकत मराठी वाचकांना परिचित आहे. बालपणी झालेल्या त्या विवाहाचे आपल्याला बंधन नाही असे ती बाणेदार स्त्री म्हणत होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, तेव्हा त्यांनी एक मार्मिक गोष्ट नमूद केली: नाखुष पत्नीला नवऱ्याच्या घरी पाठविण्याचा हा हुकूम हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नाही, तो इंग्लंडातून येथे आणून लावलेला आहे. इंग्लंडात तरी तो कोठून आला? तेथील धर्मन्यायालयांतून, म्हणजे चर्चच्या कोर्टांतून. १८५७ पर्यंत इंग्लंडात विवाहाचे मामले चर्चच्या कोर्टापुढे चालत, आणि घर सोडून गेलेल्या जोडीदाराला परत आणण्याचा हुकूम हे त्या कोर्टाचे खास अस्त्र होते. अपिलात पिन्हेसाहेबांचा निकाल फिरला. १८८७ साली रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. आणि त्या बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. मामला हिंदू दांपत्याचा होता, पण त्यात उपसलेले हत्यार चर्चच्या कोठारातले होते. इंग्लंडने ते हत्यार १९७० साली कायद्याने मोडीत काढले. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात ते आहे, आणि १८६९ च्या, ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोट कायद्यातही ते कलम ३२ म्हणून अद्याप शाबूत आहे.

त्या १८६९ च्या कायद्याची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला म्हणजे पुरे होई. पत्नीला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग, अशी दुहेरी शाबिती द्यावी लागे. नुसती क्रूरता, मग ती कितीही मोठी असो, घटस्फोटाला कारण होत नसे. म्हणजे नवऱ्याने हाड मोडले एवढ्यावर भागत नसे. त्याने परस्त्रीगमनही केले असल्याचा पुरावा त्या मोडक्या हाताने गोळा करून आणावा लागे. केरळच्या हायकोर्टाने १९९५ साली आणि मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने १९९७ साली या विषमतेवर घाव घातला, आणि अखेर २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त करून क्रूरता हे स्वतंत्र कारण मान्य केले. एकशेबत्तीस वर्षे! या काळात आमच्या ओसरीवर किती स्त्रिया येऊन गेल्या असतील आणि पाळकसाहेबांच्या ‘सहन कर’ या शब्दांमागे कायद्याचेही केवढे पाठबळ होते, याचा विचार मनात आला म्हणजे त्या वृद्ध गृहस्थाविषयीचा माझा राग थोडा कमी होतो. पण आज ते पाठबळ उरलेले नाही, आणि उपदेश मात्र तोच चालू आहे.

येथे कोणी पंडिता रमाबाईंचे नाव घेईल, आणि ते घेतलेच पाहिजे. कारण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाजवळ चर्चच्या कोर्टाचा वारसा आहे तसा केडगावचाही आहे. १८८९ साली मुंबईत शारदासदन, आणि १८९८ साली पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर मुक्तिसदन. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या, टाकून दिलेल्या, फसविलेल्या स्त्रिया तेथे शेकड्यांनी आल्या, आणि ज्यांना इतर सत्शील संस्थाही दारात उभ्या करीत नसत त्यांच्यासाठी रमाबाईंनी कृपासदन नावाचा निराळा विभाग काढला. तेथे विणकाम, शेती, छापखाना असे उद्योग चालत. परत जावयाचे नसेल त्या स्त्रीला पोटाचा उद्योग दिल्याशिवाय तिला दिलेला आसरा म्हणजे मुदतीची कैद होते, हे रमाबाईंना बरोबर कळले होते. याच रमाबाईंनी, इंग्लंडात ज्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या त्यांना पत्रांतून स्पष्ट बजावले होते की ख्रिस्ताचा स्वीकार केला याचा अर्थ बिशपांची प्रत्येक आज्ञा डोळे मिटून मानण्याचे वचन दिले असा होत नाही. केडगावचे यश चर्चच्या आज्ञाधारकपणातून आले नाही, हे त्यांची जयंती साजरी करणाऱ्यांनी विसरू नये.

त्याचबरोबर १८९३ च्या सुमारास शारदासदनावरून उठलेला वादही विसरू नये. आश्रयाला आलेल्या मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेत बसण्याची मुभा आहे यावरून पुण्यात केवढे वादळ झाले, किती पालकांनी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातील थोर मंडळींनी कसे राजीनामे दिले, हे सर्वश्रुत आहे. त्या वादात कोणाचे किती खरे होते याची रुजवात येथे करीत नाही. मात्र आज ज्या चर्चला पीडित स्त्रीसाठी दार उघडावयाचे असेल त्याने आसऱ्याला धर्माची किंमत लावता कामा नये, तशी शंकादेखील येऊ देता कामा नये. हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारीण त्या दारातून आत आली तर तिची जात-धर्म न विचारता तिला जागा मिळावी आणि जाताना ती जशी आली तशीच जावी. हे पथ्य अवघड आहे, कारण साक्ष देणे हा मिशनचा स्वभावधर्म आहे. तरीसुद्धा ते पाळल्यावाचून या कामात चर्चवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

शास्त्राचा आधार घेऊन जे स्त्रीला परत पाठवितात त्यांच्याशी शास्त्राच्याच आधारे बोलले पाहिजे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायातील, पत्नीने पतीच्या अधीन असावे असे सांगणारे वचन आमच्याकडे लग्नाच्या उपासनेत हटकून वाचले जाते. त्याच्या लगत आधीचे, सर्वांनीच एकमेकांच्या अधीन असावे असे सांगणारे वचन आणि पुढचे, पतीने पत्नीसाठी आपला जीवही द्यावा असे सुचविणारे वचन, ही दोन्ही वाचली जात असली तरी वाचकाचा आवाज तेथे उतरतो. मलाखीच्या पुस्तकातील सूटपत्राचा तिरस्कार करणारे वचन घटस्फोटाविरुद्ध ढालीसारखे पुढे केले जाते, आणि त्याच वचनाच्या उत्तरार्धात जुलमाचाही तितकाच धिक्कार आहे हे बहुधा सांगितले जात नाही. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो शास्ते या पुस्तकाचा १९ वा अध्याय, जो मी साठ वर्षांत एकाही रविवारी व्यासपीठावरून वाचलेला ऐकला नाही.

त्यात एका लेव्याची उपपत्नी त्याला सोडून बेथलेहेमास आपल्या बापाच्या घरी येते आणि चार महिने तेथे राहते. मग नवरा तिची समजूत घालण्यासाठी येतो. बाप जावयाचे स्वागत करतो, त्याला आग्रहाने ठेवून घेतो. तीन दिवस, चार दिवस, पाच दिवस दोघे पुरुष खातात, पितात, गप्पा मारतात. मुलीला जावयाचे आहे की नाही, ती आली होती ती का, हे कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. साऱ्या अध्यायात तिच्या तोंडी एक शब्द नाही. पाचव्या दिवशी कलत्या उन्हाला ती नवऱ्याबरोबर निघते. गिबा नावाच्या गावी रात्री गुंड घराला वेढा घालतात, तेव्हा स्वतःचा बचाव करण्यासाठी नवरा तिलाच धरून बाहेर लोटतो, आणि पहाटे ती दाराशी पडलेली आढळते, तिचे हात उंबरठ्यावर. ‘ऊठ, चल,’ असे तो तिला म्हणतो. उत्तर येत नाही. माहेरच्या पाहुणचारात, जावयाच्या गोड बोलण्यात आणि बापाच्या सज्जनपणात तिचा मृत्यू कसा शिजत गेला, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही. समेटासाठी बसलेल्या प्रत्येक पंचकमिटीने बैठकीपूर्वी हा अध्याय मोठ्याने वाचावा.

कॅथलिक मंडळींत अशी एक समजूत खोल रुजलेली आहे की नवऱ्यापासून वेगळे राहणे हेच मुळी पाप आहे. ही समजूत चर्चच्या स्वतःच्या कायद्याला धरून नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या कलम ११५३ प्रमाणे, जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला, अथवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास रास्त कारण आहे, आणि विलंबात धोका असेल तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या अखत्यारात निघून जाण्याची मुभा आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात, काही प्रसंगी विभक्त होणे अटळ, किंबहुना नीतीच्या दृष्टीने आवश्यकच ठरते, असे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे रोमने दिलेली मुभा गावापर्यंत पोहोचत नाही. मध्येच कोठेतरी तिला कोणीतरी अडवून धरतो. दुसरी एक गफलतही नेहमी होते. पुष्कळ स्त्रिया चर्चच्या न्यायासनाकडून विवाह शून्य ठरवून घेण्याच्या खटपटीत वर्षे घालवितात आणि तोच आपला घटस्फोट अशा समजुतीत राहतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केल्याप्रमाणे चर्चच्या निकालाने दिवाणी कायद्यातील विवाह संपत नाही. या गोष्टी धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्या स्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितल्या गेल्या, तर तिची कित्येक वर्षे वाचतील.

आता मारणाऱ्याविषयी. आमच्या मंडळ्यांतून या प्रश्नाला दारूचा प्रश्न समजण्याची रीत आहे. दारू सुटली की मार थांबेल, असा सरळ हिशेब. दारूने पुष्कळ घरे बुडाली हे खरे, आणि ती सोडविण्याचे पुण्य चर्चने जरूर घ्यावे. पण जो गृहस्थ पिऊन घरी येतो तो वाटेत फौजदाराला मारीत नाही, मुकादमाला मारीत नाही, गुत्तेवाल्यालाही मारीत नाही; एवढ्या नशेतही कोणाला मारावयाचे याचे त्याचे तारतम्य शाबूत असते. ते तारतम्य त्याला बाटलीने शिकविलेले नसते. मग एखाद्या उपवासप्रार्थनेत तो गुडघे टेकतो, रडतो, आपल्या पापाची साक्ष देतो. सभा ‘आमेन’ म्हणते, पाळक त्याला मिठी मारतात, आणि मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोने त्याच रात्रीपासून त्याला क्षमा केलेली असली पाहिजे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. अशा एका सभेत मी त्या बाईच्या शेजारच्याच बाकावर होतो. तिने आमेन म्हटले. पदराचे टोक मात्र तिने बोटाभोवती इतके घट्ट गुंडाळले होते की बोट पांढरे पडले होते. पश्चात्तापाचे शास्त्रातले माप निराळे आहे. जक्कय या जकातदाराने पश्चात्ताप केला तेव्हा तो रडला असे लिहिलेले नाही; ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन, असे त्याने उभे राहून सांगितले. मारणाऱ्या नवऱ्याच्या पश्चात्तापाची शाबिती याच मापाने व्हावी: बायको वेगळी राहते ते तो मान्य करतो काय, मुलांचा खर्च मुकाट्याने देतो काय, न्यायालयाचा हुकूम पाळतो काय, आणि क्षमेची मागणी न करता थांबतो काय. तोवर त्याला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवण्याचा अधिकार मंडळीजवळ आहे. प्रेमविवाह केलेल्या तरुणतरुणींविरुद्ध आणि वर्गणी थकविणाऱ्यांविरुद्ध तो पूर्वी बिनदिक्कत चालविला गेला आहे. या कामी तो कधी चालविल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सरकारी कायद्याने चर्चला जी जागा देऊ केली आहे तीही रिकामीच पडून आहे. २००५ साली झालेला आणि २००६ च्या ऑक्टोबरात अंमलात आलेला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखा लागू आहे. नवऱ्याच्या नावावर असलेल्या घरातही राहण्याचा हक्क तो स्त्रीला देतो, संरक्षणाचा हुकूम देतो, निर्वाहाची तजवीज करतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे, असा अत्याचार घडत असल्याचे मानण्यास कारण असलेला कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. कोणीही मनुष्य, म्हणजे पाळकही. कलम १० प्रमाणे नोंदलेली स्वयंसेवी संस्था ‘सेवा देणारी संस्था’ म्हणून मान्यता मिळवून घटनेचा अहवाल लिहू शकते, स्त्रीची वैद्यकीय तपासणी करवू शकते, तिला आसरागृहात पोहोचवू शकते. चर्चच्या दवाखान्यांची, वसतिगृहांची आणि समाजसेवा केंद्रांची संख्या पाहता अशी मान्यता घेतलेली एकेक संस्था प्रत्येक तालुक्यात उभी करणे मुळीच अशक्य नाही. पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरूने उघड करता कामा नये, हे बंधन मला मान्य आहे. परंतु ओसरीवर बसलेली स्त्री पापनिवेदन करीत नसते, कारण पाप तिचे नसते.

हे काम कसे करावे याचे धडे येथेच, मुंबईत, घालून दिलेले आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तांच्या कचेरीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडून प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्या शेजारी बसविल्या, आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ केंद्र निघाले. जखम घेऊन आलेल्या स्त्रीला ती जिन्यावरून पडली हे उत्तर निमूट लिहून न घेता, एकांतात, सासरचे माणूस बाहेर ठेवून, खरे काय ते विचारावे, हा तेथला साधा मंत्र. नवराबायकोला समोरासमोर बसवून ‘दोघांचेही थोडे थोडे चुकते’ अशी तडजोड करणारा आमचा पाळक हा मंत्र शिकला तर पुरे. ज्याची भीती वाटते त्याच्या देखत कोणीही जबानी देत नाही, हे कोर्टाचा शिपाईदेखील जाणतो. लग्नापूर्वीच्या शिबिरात कुटुंबनियोजन आणि प्रार्थना यांच्यावर तास दोन तास बोलणे होते. तेथे वधूंना वेगळे बसवून एखाद्या स्त्री-वकिलाने अर्धा तास हा कायदा सांगावा, आणि वरांनाही तो वेगळा सांगावा.

कागदावर म्हणाल तर पुष्कळ काही झालेले आहे. चर्चेसच्या जागतिक परिषदेने १९८८ ते १९९८ हे दशक स्त्रियांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी वाहिले होते. भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने २०१० साली स्त्रीपुरुष समतेविषयीचे धोरण प्रसिद्ध केले, आणि ते वाचनीय आहे. पण २०१८ साली कोचीत काही धर्मभगिनी आपल्या एका सहभगिनीने एका बिशपाविरुद्ध दिलेल्या फिर्यादीसाठी भर रस्त्यात धरणे धरून बसल्या. त्या खटल्यात २०२२ साली खालच्या न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरविले, आणि त्याच्या गुणदोषांत शिरण्याचा मला अधिकार नाही. मला दिसतो तो रस्ता. आत दाद लागत नाही असे ज्या स्त्रियांना वाटले, त्या साऱ्या आयुष्य चर्चला वाहिलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना जे दार बंद वाटते, ते खेड्यातल्या मोलकरणीला उघडे कसे वाटावे?

पाळकसाहेबांच्या त्या ओसरीची एक आठवण राहिली. मी आठवी-नववीत असेन. एका रात्री एक बाई आली. कपाळाची खोक अशी होती की पाळकीणबाईंनी हळदीचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. पाळकसाहेब नित्याप्रमाणे शास्त्र घेऊन बाहेर आले. पाळकीणबाई त्यांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाईला मुलासकट आतल्या खोलीत नेले, बाहेरून कडी घातली, आणि सायकलवाल्या मुलाला उठवून तालुक्याला पिटाळले, मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंसाठी एक चिठ्ठी आणि त्या बाईच्या भावासाठी दुसरी. सकाळी नवरा आला, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, आणि ओसरीवर बसला. पाळकसाहेब त्याच्याशी पावसापाण्याचे बोलले. पाळकीणबाईंनी त्याला चहा दिला. दहा वाजता त्याने विचारले, ‘तिला बोलावता ना?’ पाळकीणबाई कप उचलून आत गेल्या. बारा वाजता तो उठला आणि एकटाच गेला.